बर्फ म्हणजे माळशेज नव्हे

माळशेज, कसारा घाटात सरावलेल्या चालकाला मनालीचा बर्फ जड जात नाही, हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. घाटातले धुके निदान दिसते! अटल बोगद्याबाहेर, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, सावलीतल्या वळणावरचा काचेसारखा बर्फ नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो. गेल्या जानेवारीत सोलंगच्या उतारावर मी जोरात ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. मागे मुले होती. तिथे पहिला-दुसरा गिअर, हलका पाय आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर हवे. फोर-बाय-फोर गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. साखळ्या इंजिन फिरवते त्या चाकांना लावाव्यात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. नाताळात निघणाऱ्यांनो, बर्फात स्थानिक चालकच घ्या.

– एक वाचक, नाहूर