ओसाड घरांस धनी कोण?

अलिबागेहून दक्षिणेस आक्षी, नागांव, चौल, रेवदंडा असा रस्ता धरून कोणी चालूं लागला तर त्यास दोन्ही हातांस नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांभोंवतीं दगडी गडगे व त्यांच्या आंत कौलारू घरें दिसतात. परगांवच्या पाहुण्याचें मन हें पाहून प्रसन्न होतें. परंतु आमच्यासारखा येथलाच मनुष्य त्या वाटेनें जातो तेव्हां त्याची दृष्टि कौलांकडे न जातां दारांकडे जाते. कारण किती दारांस कुलूप आहे हें मोजण्याची त्यास आतां खोडच जडली आहे. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन येथें हीच गत, आणि आंतल्या बाजूस म्हसळ्याकडे वळलें तर मोठमोठीं दुमजली घरेंही बंद आढळतात.

कौलारू घरास मरण कसें येतें हें कोंकणच्या वाचकांस सांगावयास नको. घरांत माणूस असेतों माकडानें सरकविलेलें कौल दुसरे दिवशीं जागच्या जागीं बसतें. माणूस उठला कीं तेंच एक कौल मृगाच्या पहिल्या सरीपासून घर पाडावयास लागतें. पाणी वाशावर गळतें, वासा कुजतो, त्यास वाळवी धरते, आढें खचतें, आणि चार-पांच पावसाळ्यांनंतर जी मातीची भिंत उरते ती शेजाऱ्याच्या दुधीच्या वेलास आधार होण्यापलीकडे कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीं.

लोक म्हणतात, गांवांत पोट भरत नाहीं म्हणून माणसें गेलीं व माणसें गेलीं म्हणून घरें पडलीं. माणसें कां गेलीं ह्याचें हें उत्तर ठीक आहे, घरें कां पडलीं ह्याचें नाहीं. मुंबईस, ठाण्यास किंवा आखाती मुलखांत गेलेला मनुष्य बहुधा घराहून गेला तेव्हांपेक्षां सुस्थितींत आहे. वर्षाकाठीं शंभर कौलें बदलण्याइतका पैसा त्याच्या खिशांत असतो. आमचें मत असें आहे कीं, हीं घरें धन्यावांचून पडत नसून फार धनी झाल्यामुळें पडत आहेत. ज्या घराचे वीस मालक असतात त्याचें कौल बसविणारा एकही नसतो.

अलिबागेंतील इस्रायल आळी पाहा. ह्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारीं तो बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल लोक १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झाल्यानंतर हळूहळू तिकडे गेले. त्यांचें मागेन अबोथ हें प्रार्थनामंदिर १८४८ सालीं स्थापन झालें, १९१० सालीं नव्यानें बांधलें गेलें, आणि आज येथें समाजाचीं कुटुंबें अगदीं थोडीं उरलीं असतांही तें नीट उभें आहे. कारण उघड आहे. त्या वास्तूची किल्ली कोणाकडे असावयाची, डागडुजी कोणी करावयाची, हें ठरलेलें आहे. आळींतील खाजगी घरांविषयीं असें कांहींच ठरलेलें नव्हतें; आळीचें नांव राहिलें, घरें व त्यांतील माणसें बदलून गेलीं.

आमच्या वकिलीच्या आरंभींच्या दिवसांत एका चौसोपी घराच्या वाटपाचा दावा आमच्याकडे होता. दावा दाखल झाला तेव्हां पक्षकार सात होते. हुकूमनामा होईपर्यंत कांहीं वारले, त्यांचे वारस दाखल झाले, आणि संख्या तेवीसावर गेली. कमिशनर मोजणीस गेला तेव्हां त्यास पाया मोजावा लागला, कारण वरतीं मोजण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. वास्तविक १८९३ च्या वाटप कायद्यांत ह्यावर तोड आहे. घर नीट विभागतां येत नसेल व निम्म्या किंवा अधिक हिश्शाचे मालक मागणी करतील तर कोर्टास तें विकून पैसे वांटून देतां येतात. परंतु निम्मा हिस्सा एकत्र येईल तेव्हां ना! येथें अर्धे भाऊबंद एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि उरलेल्यांपैकीं अर्ध्यांचे पत्ते कोणास ठाऊक नाहींत.

ह्याचें मूळ आमच्या मतें वारसनोंदीच्या आळसांत आहे, आणि तो आळसही सर्वस्वीं निष्पाप नाहीं. जमिनींत वारसानें किंवा अन्य रीतीनें हक्क मिळाला तर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी दिली पाहिजे असें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत स्पष्ट लिहिलें आहे. असें असतां शेंकडों सातबारे आजही मयत आजोबांच्या नांवें नांदत आहेत. कां? बऱ्याच घरांत ह्याचें खरें उत्तर हेंच कीं, नोंद करावयाची म्हटली तर बहिणींचीं नांवें लावावीं लागतात. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कन्येस मुलाच्या बरोबरीनें सहदायाद केलें, तेव्हांपासून तर ही टाळाटाळ वाढली. बहीण हक्कसोडपत्रावर सही देईपर्यंत कागद हलवावयाचा नाहीं, आणि ती न देईल तर घर पडलें तरी चालेल, असा हा हिशेब आहे. मुलींस वांटा मिळाल्यामुळें घरें मोडलीं असें म्हणणारे कांहीं शहाणे आमच्या गांवांतही आहेत. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, ज्या बहिणीचें नांव तुम्हीं कागदावर येऊं दिलें नाहीं, तिनें तें घर मोडलें कसें?

जपानांत हाच रोग आमच्याहून मोठ्या प्रमाणावर आहे. तेथील २०२३ च्या पाहणींत सुमारें ९० लाख घरें रिकामीं आढळलीं. म्हणजे शेंकडा १३ हून अधिक. तेथील सरकारनें १ एप्रिल २०२४ पासून वारसाची नोंद तीन वर्षांच्या आंत करणें सक्तीचें केलें असून विनाकारण न करणारास दंड ठेवला आहे. आणि कित्येक नगरपालिका रिकाम्या घरांच्या याद्या प्रसिद्ध करून घेणाऱ्याची व देणाऱ्याची गांठ घालून देतात. जपाननें जें परवां केलें त्याचा निम्मा भाग आमच्या कायद्यांत १९६६ पासून पडून आहे. दुसऱ्या अर्ध्यासाठीं कायदाही नको, ग्रामपंचायतीचा एक फळा पुरे.

दुसरें कारण भीतीचें. घर कोणास राहावयास दिलें तर तें परत मिळणार नाहीं, ही धास्ती मुंबईकराच्या मनांत खोल बसलेली आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालीं गिरगांवांत जुन्या भाड्यानें सारा जन्म काढलेला गृहस्थ गांवचें घर भाड्यानें देण्यास भितो, कारण भाडेकरू काय करूं शकतो हें त्यास स्वानुभवानें ठाऊक असतें! परंतु तो काळ गेला. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. जेथें तो लागू आहे तेथें मुदतीच्या परवान्यानें, लेखी व नोंदलेल्या करारानें दिलेली राहती जागा मुदत संपतांच परत मिळविण्याचा जलद मार्ग त्यानें ठेविला आहे.

शेतजमिनीची भीति मात्र निराधार म्हणतां येत नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला, ही आठवण जमीनमालकांच्या घरांत ताजी आहे. आम्ही त्या कायद्याच्या बाजूचेच आहों. ह्याच अलिबाग तालुक्यांत चरीच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन न कसण्याचा जो संप चालविला, त्यांतील उपासमार ज्यांच्या वाडवडिलांनीं सोसली त्यांच्यापुढें कूळ कायद्याची निंदा करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण तेव्हां पडीक जमीन हें कसणाऱ्याचें शस्त्र होतें, आज ती न कसणाऱ्याची ढाल झाली आहे. १९४८ च्या त्याच कूळ कायद्यांत, सलग दोन वर्षें पडीक राहिलेल्या जमिनीची व्यवस्था चौकशीअंतीं सरकारास आपल्या हातीं घेतां येईल असें कलम आहे. तें पुस्तकांत सुखानें निजलें आहे.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां कागदाच्या ह्या आळसाची किंमत श्रीवर्धनच्या बागायतदारांनीं रोख मोजली. एका दिवसांत शेंकडों वाड्यांतील पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावून सुपारी हातीं येईपर्यंत सहा-सात वर्षें जातात. सरकारनें फळबागांस हेक्टरीं ५०,००० रुपये जाहीर केले, परंतु येथील वाड्या हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजतात. गुंठ्यास जेमतेम पांचशें रुपये पडले. पुढें ओरड झाल्यावर झाडामागें हिशेब झाला, पोफळीस ५० व नारळास २५० रुपये. हेही ज्याचें नांव उताऱ्यावर त्याचे. ज्या वाडींत एक चुलता राबत होता व उताऱ्यावर मयत आजोबा होते, तेथें राबणाऱ्यानें पैशास हात कसा लावावा? पडलेलीं खोडें उचलावयासही कित्येक वाड्यांत कोणी पुढें झालें नाहीं, कारण ज्याच्या वांट्याचें झाड त्यानेंच उचलावें असा वाद.

घर पडतें तें एका कुळाचें; बांध फुटला तर साऱ्या गांवाचें शेत जातें. अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटांत भरतीचें पाणी अडवून भात पिकविणारी जी जमीन आहे तिचे बांध पूर्वीं खातेदारच मिळून राखीत. ह्या सामुदायिक श्रमास जोळ म्हणत. भर पावसांत रात्रीं खांड पडली तरी घरटी माणूस फावडें घेऊन निघे. पुढें १९४८ च्या व १९७९ च्या खारभूमि कायद्यांनीं बांधांचें काम सरकारी खात्याकडे गेलें. गांवानें फावडें ठेविलें आणि खात्यास निविदेची वाट पाहावी लागे. भरती कोणासाठींच थांबत नाहीं. खांडी मोठ्या झाल्या, शेतांत खारें पाणी शिरलें, मागोमाग तिवरें उगवलीं. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून तिवरें तोडण्यास मनाई आहे, व ती योग्यच आहे. वादळाच्या लाटा अडविणारी ती झाडी आहे. पण शेतकऱ्याच्या हातीं असा सातबारा उरला कीं, ज्यांत नांव त्याचें, पीक समुद्राचें. ज्यांनीं वेळींच शेजारच्या खाचरांचीं तळीं करून जिताडा सोडला त्यांनीं निदान कांहीं वांचविलें.

आमच्या व्यापारी वाचकांस हें सारें परक्याचें दुखणें वाटत असेल तर त्यांनीं आपल्या खतावणीकडे पाहावें. बंद घर मीठ-मिरची घेत नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाल्यापासून जागांचे भाव चढले आहेत व 'आणखी थोडें थांबूं' म्हणणाऱ्या मालकांची संख्याही त्याबरोबर चढली आहे. थांबण्यानें जमिनीचा भाव वाढेल, घराचा आयुष्यकाळ वाढणार नाहीं. शिवाय ज्यांस विकावयाचें त्यांचीं घरें तरी कोठें उघडीं असतात? मांडव्यापासून किहीमपर्यंतचे कित्येक नवे बंगले शनिवार-रविवारींच जागे होतात. आणि त्यांतला एक तर किनारा-नियम मोडून बांधला म्हणून मार्च २०१९ मध्यें जिल्हाधिकाऱ्यांस सुरुंग लावून उडवावा लागला.

आमची सूचना मालकी कोणाची काढून घेण्याची नाहीं. मालकी आहे तेथेंच राहो. राखण मात्र एकाच्या हातीं द्या. सर्व वारसांनीं मिळून एक नोंदलेला करार करावा, ठराविक वर्षांपुरतें घर किंवा वाडी एकाकडे सोंपवावी. तो वारसांपैकीं असो, गांवचा तरुण असो, महिलांचा बचत गट असो कीं शाळेच्या शिक्षकांच्या राहण्याची अडचण असलेली ग्रामपंचायत असो. त्यानें कौलें राखावींत, पाहुणे ठेवून किंवा बाग करून पोट भरावें, आणि मुदत संपतां घर उभें परत करावें. दिवेआगर व नागांव येथील ज्या कुटुंबांनीं राहत्या घरांत पाहुण्यांची सोय केली, त्यांचें उदाहरण समोर आहे. गांवठाणांतील घरांस आजवर ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यापलीकडे कागद नसे; २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें मोजणी करून मिळकत-पत्रिका देण्याचें काम निघालें आहे. त्या पत्रिकेवर सर्व वारसांचीं, मुलींसुद्धां, नांवें लागलीं पाहिजेत. एकदां चुकीचा कागद पक्का झाला कीं तो सुधारण्यास कोर्टाचीं दहा वर्षें लागतात.

वारस एकत्र यावयाचे कधीं, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर कोंकणानें केव्हांच देऊन ठेविलें आहे. गणपतीच्या दिवसांत मुंबईचा भाऊ, ठाण्याची वहिनी व पुण्याची बहीण एकाच माजघरांत जेवावयास बसतात. वर्षांतून एवढ्याच वेळीं तें कुलूप निघतें. तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं ह्या वर्षीं तलाठ्यांस, ज्यांचें नांव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालें आहे, त्या पांच दिवसांत सुटी न देतां बंद घरांची यादी व नोंदवही घेऊन गांवच्या चावडीवर बसवावें, आणि गौरी-विसर्जनाच्या आदल्या दिवशींपर्यंत किती घरांच्या नोंदी झाल्या हें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावें. सुटी बुडालेल्या तलाठ्यास मोदकांस तोटा पडणार नाहीं ह्याची जबाबदारी गांवानें घ्यावी.