बोलता शब्द आणि आकाशवाणी

भाषणे, चर्चा, श्रुतिका आणि मुलाखती आता कोणी ऐकत नाही, असे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ते मांडणारे बहुधा असे गृहस्थ असतात की, ज्यांचे डोळे दिवसभर मोकळे असतात. त्यांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एक फेरी मारावी, अशी आमची त्यांस विनंती आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या कार्याचा आरंभ याच वसाहतीपासून झाला. पुढे कित्येक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागी संगणकी कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती आल्या; तथापि लहान गाळ्यांतून यंत्रे अजून फिरतात, फाटकाशी पहारेकरी रात्र काढतो, आणि शेजारच्या किसननगरात पहाटेपासून डबे भरले जातात. या माणसांचे हात गुंतलेले असतात, डोळे गुंतलेले असतात. कान तेवढा रिकामा असतो. यंत्राच्या खडखडाटात श्रुतिका कशी ऐकू येणार, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, त्या खडखडाटात गाणेही ऐकू येत नाही, आणि ते तर खुशाल लावलेले असते.

मुंबई केंद्राने हा रिकामा कान एके काळी ओळखला होता. ‘कामगार सभा’ हा कार्यक्रम त्याच ओळखीतून निघाला. ‘पुन्हा प्रपंच’मधील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी यांच्या गप्पा ज्यांनी ऐकल्या, त्यांस बाळ कुडतरकर, नीलम प्रभू व प्रभाकर जोशी यांचे आवाज घरच्या माणसांसारखे ओळखीचे झाले होते. त्या गप्पांत सरकारी योजनाही येत असे. परंतु ती बोलत्या मराठीत येई, परिपत्रकाच्या मराठीत नव्हे. हा फरक लहान नाही. ज्या भाषेत माणूस आपल्या बायकोशी भांडतो, त्याच भाषेत त्यास राज्यकारभार समजला पाहिजे, हे तत्त्व त्या मंडळींनी निबंध न लिहिता पाळले.

लोकांस गाणी हवीत, भाषणे नकोत, हा नेहमीचा युक्तिवाद आहे. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी १९५२ नंतर चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार बंद केले, तेव्हा श्रोता सिलोनकडे गेला, आणि १९५७ साली ‘विविध भारती’ काढून सरकारला आपलाच हेका सोडावा लागला, हे आम्हांस ठाऊक आहे. गाण्यावर बंदी घाला, असे आम्ही म्हणतच नाही. गाणी देणारे आता पुष्कळ आहेत. लिलावात लहरी विकत घेणाऱ्या खासगी वाहिन्यांस पैसा वसूल करावयाचा असतो; त्यांनी गाणी व थट्टा यांवर दुकान चालवावे, यात नवल नाही. शिवाय २०११ च्या धोरणानेही त्यांस स्वतःच्या बातम्या देऊ दिल्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची मुभा तेवढी दिली. म्हणजे गंभीर बोलण्याची मक्तेदारी सरकारने आपल्याकडे ठेवली. मक्ता घेणाऱ्याने मग दुकान उघडे ठेवावयास नको काय? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकाल देताना ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट केले. त्या मालमत्तेचा मालक वागळे इस्टेटीतला पहारेकरीही आहे.

आता त्याच्या वाट्यास काय आले ते पाहा. नागपूरच्या बलाढ्य प्रक्षेपकावरून १९८८ पासून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी जानेवारी २०१९ मध्ये बंद करण्यात आली. कारण सांगितले गेले काटकसरीचे. २०२३ साली पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा हुकूम निघाला, आणि ओरड झाली तेव्हाच तो स्थगित झाला. ओरड झाल्यावाचून मिळत नाही ती सेवा कसली?

ज्यास ऐकावयाचे तो आपल्या फोनवर हवे ते निवडून ऐकतो, हाही एक आक्षेप आहे. तो आम्हांस सर्वांत फसवा वाटतो. निवडणारा आपल्या ओळखीचेच निवडतो. आकाशवाणीचा खरा गुण असा की, जे आपण मागितले नव्हते ते ती ऐकवते. कापसाच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्याच्या कानी त्यामागून ग्रहणाची माहिती पडते. पाककृतीची वाट पाहणाऱ्या बाईस वारसाहक्काचा कायदा समजतो. ब्रिटिश नभोवाणीची एक वाहिनी १९६७ पासून जवळजवळ निव्वळ बोलण्यावर दिवस काढते. १९४६ साली सुरू झालेला स्त्रियांचा तास, १९५१ पासून देशभर ऐकली जाणारी खेड्यातील कुटुंबाची मालिका, जहाजांसाठी हवामान, पुस्तकाचे वाचन, विज्ञानावरील वाद, हे सर्व तेथे एकाच दिवसात येते. ती मालिकाही मुळात शेतकऱ्यांस सुधारलेली शेती सांगण्यासाठीच निघाली होती. आमच्याकडे व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रम पाहत होता, तेव्हा आम्ही या बाबतीत त्यांच्या फार मागे नव्हतो.

हे काम पैशाच्या हिशेबाने परवडत नाही, असे सांगण्यात येते. ते कधीच परवडले नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत ध्वनिक्षेपण सुरू करणारी खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली, म्हणूनच ते सरकारने हाती घेतले. तेव्हा प्रसार भारतीने महाराष्ट्रातील एक वाहिनी संपूर्ण मराठी बोलण्यासाठी राखावी. पहाटे शेती, सकाळी बातमी व तिच्यावरील वाद, दुपारी श्रुतिका आणि कायदा, रात्री पुस्तक. त्यासाठी नैमित्तिक उद्घोषकांच्या तुटपुंज्या मानधनावर विसंबून न राहता लेखक व निर्माते पगारावर नेमावेत. आणि रात्रपाळी संपेपर्यंत ध्वनिक्षेपण बंद करू नये.