टाका हो काहीही!

आपल्याकडे काही वाक्यं अशी आहेत, की ती ज्याने प्रथम उच्चारली त्या गृहस्थाला शोधून काढून भर चौकात उभं करावं असं मला वाटतं. ‘बघू, करू’ हे त्यांतलं एक. ‘आपलाच माणूस आहे’ हे दुसरं. पण या सर्वांवर ताण करणारं वाक्य म्हणजे ‘टाका हो काहीही, कोण बघतंय!’ हे कानावर आलं की खुशाल समजावं, कुणाच्या तरी अर्जातला एक रकाना बळी चालला आहे.

ज्या रकान्याची बाजू घेऊन मी आज भांडणार आहे, तो पाच आकड्यांचा आहे. त्याचं पाळण्यातलं नाव राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. घरात हाक मारतात ‘एनआयसी कोड’. लहानमोठा धंदा काढून उद्यम नोंदणी करायला बसलात, की हा रकाना विचारतो, ‘आपण करता काय?’ लग्न जमवताना गोत्र विचारावं तसं. फरक एवढाच, की गोत्र जन्माबरोबर फुकट मिळतं आणि हा कोड डोकं चालवून निवडावा लागतो. नेमकी तिथंच आपली गाडी अडते.

पिठाच्या गिरणीवाल्याला ही अडचण नाही. त्याचा धंदा चार घरं पलीकडे ऐकू येतो आणि त्याच्या भुवयांवरही दिसतो. सॉफ्टवेअर करणाऱ्याचं काम ना दिसतं, ना ऐकू येतं, ना अंगाला लागतं. माझ्या पुतणीचंच घ्या. दोन मैत्रिणींना घेऊन दोन खोल्यांत ती लहान कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. कुणाच्या गोदामाचा हिशोब, कुणाच्या पगाराचा. घरातली वडीलधारी मंडळी अजून ‘ती कॉम्प्युटरचं काहीतरी करते’ एवढंच सांगतात, आणि शेजारच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन येतात.

उद्यम नोंदणी मुळात फुकट आणि ज्याची त्याने करायची. पण फुकटच्या गोष्टीला पैसे मोजल्याशिवाय आपला तिच्यावर विश्वास बसत नाही. म्हणून तिच्या भागीदारणीने एक एजंट गाठला. त्याने विचारलं, “ताई, कॉम्प्युटरचंच ना?” ती म्हणाली, “हो, पण आम्ही प्रोग्रॅम...” “तेच हो ते! टाकू काहीही, कोण बघतंय!” आणि त्याने संगणकांच्या किरकोळ विक्रीचा कोड ठोकून दिला. एका क्षणात तिन्ही पोरी दुकानदार झाल्या! दुकान नाही, गल्ला नाही, गणपतीची वर्गणी मागायलासुद्धा कुणी येत नाही. पण सरकारदरबारी दुकानदार.

वर्षभर खरोखरच कुणी बघितलं नाही. मग एका गिऱ्हाइकाने काम करून घेऊन पाच महिने पैसे थकवले. आता २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात अशा गिऱ्हाइकांचा चांगला समाचार घेतलेला आहे. करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या आत लहान उद्योगाचे पैसे चुकते करायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. सावकारालाही लाज वाटावी असा दर! पोरी आनंदाने तक्रार घेऊन गेल्या. समोरच्या वकिलाने त्यांचं नोंदणीपत्र पाहिलं आणि तो गोड हसला. कारण २०२१ च्या जुलैत सरकारने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीत घेतलं ते फक्त बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतं. ही व्याजाची तलवार व्यापाऱ्याच्या हाती दिलेली नाही. “आपण तर कॉम्प्युटर विकता ना, मॅडम?” असं त्याने विचारलं म्हणे. अखेर एकजण बघत होता, आणि तो नेमका विरुद्ध पक्षाचा वकील निघाला.

कोड दुरुस्त करता येतो. त्यांनी तो केलाही. पण त्या जुन्या बिलाच्या वेळी ‘तुम्ही कोण होतात?’ हा तात्त्विक प्रश्न आता दोन वकील एकमेकांना विचारताहेत, आणि त्या तत्त्वज्ञानाची फी माझी पुतणी भरते आहे.

यावर ‘सरकारची यादीच तसली किचकट!’ असा सूर निघेल. मला तो मुळीच मान्य नाही. ती यादी मी वाचली आहे. (निवृत्त माणूस काय वाचील याचा नेम नसतो.) २००८ सालची ही यादी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरणावर बेतलेली आहे, ए पासून यू पर्यंत तिचे २१ विभाग. मालक कोण, कंपनी आहे की एकट्याचा कारभार, हे ती विचारीत नाही. काम काय करता, एवढंच विचारते. इतकं सरळ तर मुलगी बघायला आलेली मंडळीही विचारीत नाहीत.

सॉफ्टवेअरवाल्याने एवढंच करावं, की आपल्या गल्लीतला शिंपी आठवावा. गिऱ्हाइकाचं माप घेऊन प्रोग्रॅम लिहिता, बदलता, तपासता? मग तुम्ही माप घेऊन शिवणारे. तुमचा कोड ६२०११. एकच प्रोग्रॅम करून शंभरजणांना विकता? मग तुम्ही तयार कपडेवाले. तुमचं घर ५८२०१, सॉफ्टवेअर प्रकाशनाचं. कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ प्रकाशित करीत असाल तर शेजारचं ५८२०२. उसवलं-फाटलं शिवून देता, म्हणजे दुरुस्ती-देखभाल पाहता? ६२०१३. नुसती वेबपेजं सजवता? ६२०१२. आणि स्वतः सुई हातात न धरता कुणाला काय शोभेल याचा सल्ला देता? ६२०२०. यात अवघड काय आहे? माप आणि तयार कपडा यांतला भेद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला. तयार, डबाबंद सॉफ्टवेअर ही विक्रीकर लागणारी ‘वस्तू’च आहे, असा निकाल २००४ साली लागला.

“पण आम्ही सगळंच करतो हो!” असंही म्हणणारे भेटतात. छान. ज्या कामातून तुमच्या धंद्यात सर्वांत जास्त मूल्याची भर पडते ते मुख्य, असा या वर्गीकरणाचा नियम आहे. बाकीच्यांचे कोडही उद्यमच्या अर्जात जोडता येतात. म्हणून उठून सरळ ६२०९९, म्हणजे ‘इतर’, असं लिहू नये. ‘इतर’ हा रकाना खरोखर निराळं काम करणाऱ्यांसाठी ठेवलेला असतो, कंटाळा आलेल्यांसाठी नव्हे.

सरकारी खात्यांशीही माझं भांडण आहेच, आणि तेही लिहून ठेवतो. एकाच बाईला उद्यमात ६२०११, जीएसटीच्या बिलावर ९९८३१४, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात १४००१ अशी तीन नावं घेऊन फिरावं लागलं आहे. माहेरचं, सासरचं आणि शाळेतलं! शिवाय याद्या बदलतात. २००४ च्या यादीत ७२ हा आकडा संगणकाच्या कामांचा होता. २००८ च्या यादीत तोच वैज्ञानिक संशोधनाला देऊन टाकला. जुन्या यादीवरून ज्यांच्या नोंदणी क्रमांकात ७२२०० गोवला गेला, त्या कंपन्या नव्या यादीने वाचल्या तर शास्त्रज्ञ ठराव्यात! तीन खाती एका देशात राहतात, तर त्यांनी एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला तरी जावं.

पण खात्यांचा घोळ ही आपल्या आळसाला सबब होत नाही. ही यादी मुळात मोजणीसाठी आहे. कुठल्या कामात किती माणसं, किती उत्पन्न, हे त्या आकड्यांवरून ठरवलं जातं, आणि पुढे सवलत, कर्ज, धोरण यांची पंगत त्या मोजणीवर बसते. हजार कारागिरांनी ‘काहीही’ टाकलं, तर सरकारला देशात हजार दुकानं दिसतील. मग ते दुकानांसाठी योजना काढील, आणि आपण पुन्हा ‘सरकारला काही कळत नाही’ म्हणायला मोकळे.

आपण काय काम करतो हे सांगायला पाच आकड्यांची जागा मिळते. तेवढी तरी एजंटाला आंदण देऊ नका. पोराचं नाव ठेवताना आपण चार महिने पुस्तकं धुंडाळतो. बारशाला आलेल्या केटररला ‘ठेवा हो काहीही’ असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.