सही कुणाची, दिवाळं कुणाचं

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून जोडपी कारखान्यांवर निघतात ती मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊनच. उचल कोयत्यावर मिळते आणि कोयत्यावरच फिटते. तिच्यातली किती बायकोच्या कष्टातून फिटली, हे कुणी मोजत नाही. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. घरातलं कर्ज दोघांचं मिळून एकच, ही समजूत इथे अशी मुरलेली आहे की देणं हाताबाहेर गेल्यावर दिवाळखोरी जाहीर करण्याचा विचार निघाला, तर तोही दोघांच्या नावाने निघतो. कायद्याला मात्र कोयता माहीत नाही. कुठल्या कागदावर कुणाची सही किंवा अंगठा आहे, एवढंच तो पाहतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत लग्नानंतरची कमाई आणि कर्ज बहुतांशी दोघांचं धरतात. आपल्याकडे तसं नाही. केवळ लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर येत नाही, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिच्या नावची मालमत्ता पूर्णपणे तिची आहे. म्हणजे कागदावर बायको सुरक्षित. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत तिचा अंगठा घरातल्या जवळजवळ प्रत्येक कर्जाला लागला आहे, आणि धोका नेमका तिथे आहे.

कल्पनेतलं, पण या भागात कुणालाही ओळखीचं वाटेल असं एक घर घेऊ. सोसायटीचं पीककर्ज १ लाख २० हजार, नवऱ्याच्या नावावर, सातबाऱ्यावर बोजा. मायक्रोफायनान्सच्या गटाची दोन कर्जं बायकोच्या नावावर, मिळून १ लाख. त्यातले बहुतेक पैसे बोअर आणि दवाखान्यात गेले. ट्रॅक्टर फायनान्सवर, कर्जदार नवरा, सहकर्जदार बायको. गावातल्या सावकाराचे ८० हजार शेकडा पाचने, तारण म्हणून अर्ध्या एकराचं खरेदीखत. वर चालू हंगामाची उचल. आता नवऱ्याने एकट्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, तर काय होईल?

पीककर्ज जिथल्या तिथे राहील, कारण तारण घेतलेल्या संस्थेचा तारणावरचा हक्क दिवाळखोरीने जात नाही. गटाच्या कर्जांना तर अर्जाचा स्पर्शही होणार नाही. ती बायकोची आहेत, पैसा कुणी खर्च केला याला अर्थ नाही. ट्रॅक्टरचं कर्ज सगळ्यात वाईट. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की, कर्जदाराची मुक्तता झाली तरी त्याच्याबरोबर बांधलेला सहकर्जदार किंवा त्याचा जामीनदार सुटत नाही. नवरा मोकळा होईल आणि फायनान्सवाला उरलेली पूर्ण रक्कम बायकोकडे मागेल. नवऱ्याचं दिवाळं काढून घर वाचवल्याचं समाधान मिळेल, पण ओझं तिच्या एकटीच्या पाठीवर गेलेलं असेल. एकट्याने अर्ज करायचा की दोघांनी, हा प्रश्न खरं तर अशा सामाईक सह्यांचा आहे. दोघांची सही असलेलं कर्ज मोठं असेल तर एकाचा अर्ज फसवा ठरतो. ते कर्ज किरकोळ असेल आणि बायकोच्या नावावर माहेरची जमीन किंवा थोडी बचत असेल, तर तिला अर्जात ओढणं म्हणजे सुरक्षित होतं तेही कोर्टाच्या हवाली करणं.

कायद्याबद्दलही भ्रम नको. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नसेल तर कर्ज माफ. मर्यादा इतक्या तुटपुंज्या की वरचं घर त्यात बसत नाही, आणि व्यक्तींच्या दिवाळखोरीचा संहितेतला भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांसाठी वाट उरते ती इंग्रजांच्या काळातल्या त्याच १९२० च्या कायद्याची. मुक्तता मागताना कर्जदाराची मालमत्ता विनातारण कर्जाच्या रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर ती परिस्थिती त्याच्या दोषामुळे आली नाही हे कोर्टाला पटवावं लागतं. दुष्काळ, नापिकी, आजारपण यांचे पंचनामे आणि दवाखान्याची बिलं जपून ठेवलेली असतील तरच ते पटतं. ज्ञानराधा मल्टीस्टेटसारख्या संस्थेत अडकलेली ठेवही मालमत्तेच्या यादीत दाखवावी लागते, हाती रुपया आलेला नसला तरी.

या टप्प्यावर पारावरचा सल्ला हमखास येतो: आधी जमीन बायकोच्या नावावर करून टाक. हा सल्ला सर्वांत घातक. मोबदला न घेता केलेलं असं हस्तांतर, पुढे दोन वर्षांच्या आत केलेल्या अर्जावर कर्जदार नादार ठरला, तर रद्द होऊ शकतं. शिवाय लपवाछपवीचा ठपका बसून मुक्ततेचा हक्कही धोक्यात येतो. तशी गरजही कमी असते. शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, बैल, बियाणं, स्वयंपाकाची भांडी आणि मंगळसूत्रासारखा धर्माने अंगावरून काढता न येणारा दागिना यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीपासून संरक्षण दिलेलं आहे. वसुलीवाला दारात उभा राहून हे सांगणार नाही.

आणि काही देणी दिवाळखोरीच्या यादीत घालायच्या आधीच तपासली पाहिजेत. सावकाराकडे परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते आणि खरेदीखताने गेलेली जमीन परत मिळू शकते. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे कामाला जायचं नाही अशी सक्ती असेल, तर प्रकरण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात जातं, आणि तिथे ते कर्जच रद्द ठरतं. असं देणं मुकाट्याने कबूल करून कोर्टापुढे मांडणं म्हणजे बेकायदा मागणीला आपल्याच हाताने मान्यता देणं.

सरकारनेही कधी घर मोजलं, कधी माणूस. २०१७ च्या कर्जमाफीत सुरुवातीला नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरून दीड लाखाची मर्यादा होती; २०१९ च्या महात्मा फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा एकेका शेतकऱ्याला होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनीही मायक्रोफायनान्स देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत ठेवायला सांगितलं. कर्ज देताना उत्पन्न घराचं मोजलं जातं, फेडण्याची जबाबदारी मात्र सही करणारीची.

सहीचं हे ओझं सगळ्यात निर्दयपणे दिसतं ते नवऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात. त्याचं कर्ज वारसांवर येतं ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. विधवेची स्वतःची मजुरी किंवा माहेरचं सोनं त्यासाठी कुणी मागू शकत नाही. पण दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ‘खातं नवं करून देतो’ म्हणत कुणी कागद पुढे करतो, ती अंगठा देते, आणि तिच्यावर नसलेलं कर्ज तिचं होतं. त्या दिवसांत कुठल्याही कागदाला हात लावू नये, हे तिच्या भावाने, दिराने, शेजारणीने तिला बजावलं पाहिजे.

अर्ज कुणाचा, हे ठरवताना नवरा आणि बायको यांचा वकील एकच असू नये, असं माझं ठाम मत आहे. दोघांचं हित दर कागदाला सारखं नसतं, आणि एका खोलीत एकाच वकिलापुढे बसल्यावर बायको बहुधा गप्प राहते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समित्या आहेत. तिथे जाताना तिने स्वतः अंगठा दिलेला प्रत्येक कागद न्यावा, वाचून न दाखवलेलासुद्धा. गटाच्या कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत देण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेलं आहे. ते घरात सापडत नसेल तर आधी मागून घ्यावं, अर्जाचं नंतर पाहावं.