थंडी सोसणारे बी आपल्या रानात चालेल का?

आपल्या घरांतून एकाच धान्याला दोन नावे असतात. आजी हरभरा म्हणते, सूनबाई कडली म्हणतात. थंडी बरी पडली की पीक साधले, यावर मात्र दोघींचे एकमत! ते आपल्या भागापुरते खरेही आहे. पण हे सगळ्या मुलखांना आणि सगळ्या वाणांना लागू पडत नाही.

चिकोडीकडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, "मुलगा फौजेत आहे. सुट्टीवर येताना त्याने हरियाणातून हरभऱ्याचे बी आणले. कडाक्याची थंडी सोसते म्हणतात. आमच्या दोन एकरांत पेरू का?" दोन एकर कोरडवाहू रान म्हणजे घरचे वर्षाचे बेसन आणि पोरांच्या फीचे पैसे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हरभऱ्याच्या मुख्य जाती दोन. देशी दाणा लहान, कोनदार, तपकिरी. त्याचे फूल बहुधा गुलाबी-जांभळे. काबुली दाणा मोठा, फिकट, फूल पांढरे. देशीचे साल जाड असते. त्यामुळे थंड, ओल्या मातीत दाणा एकदम पाणी ओढत नाही आणि कुजतही नाही. काबुलीचे पातळ साल तिथे कमी पडते. म्हणून कॅनडातले शेतकरी काबुली पेरण्यासाठी जमीन अधिक उबदार होण्याची वाट पाहतात.

रोप वाढताना थंडी हळूहळू वाढली, तर झाड तयारी करते. पेशींत साखर व प्रोलिन साठवते, पेशींची आवरणे लवचिक ठेवते. अचानक आलेल्या थंडीत तेवढी सवड मिळत नाही.

खरी परीक्षा फुलोऱ्यात. दिवस-रात्रीचे सरासरी तापमान 15 अंशांच्या खाली गेले, की परागनलिका नीट वाढत नाही. फळधारणा होत नाही, फूल सुकून गळते. हिस्सारकडे डिसेंबर-जानेवारीत असेच होते. झाड फुलते, पण घाटे धरत नाहीत. म्हणून तिकडचे जुने वाण उशिरा फुलणारे, थंडी ओसरल्यावर घाटे धरणारे. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने थंडीतही घाटे धरणारे वाण तयार केले. त्यांतला आयसीसीव्ही 88516 ऑस्ट्रेलियात गेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी थंडीतच परागीकरण घडवले. गारठ्यातही जो पराग पोहोचला, त्याचीच संतती पुढे नेली. 2004 साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यातून आलेल्या वाणांची नावे ऐका : सोनाली आणि रूपाली! आपल्याच वर्गातल्या मुली वाटाव्यात.

आता आपल्याकडे या. जानेवारीत पहाटे कितीही गारठा असो, दुपारी पारा 28 अंशांच्या आसपास जातो. सरासरी 15 च्या खूप वर राहते. म्हणजे आपल्या पिकाला थंडीचे भय थोडे. भय आहे ते ओल संपण्याचे आणि फेब्रुवारीच्या उन्हाचे. काळ्या जमिनीतल्या ओलीवर जे लवकर फुलते आणि लवकर भरते, ते तरते. आदिकवी पंपाचे गाव म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अण्णिगेरीचे नाव मिरवणारा अण्णिगेरी-1 शंभरेक दिवसांत हाती येतो, म्हणून तो इतकी वर्षे टिकला. उत्तरेचे उशिराचे बी इथे फुलेपर्यंत ओल सरते आणि घाटे पोचट राहतात. उलट आपला अण्णिगेरी हिस्सारला नेला, तर ऐन थंडीत फुलून फुले गाळून बसेल. दोष कोणत्याच बियाण्याचा नाही. ज्याची सवय ज्या मुलखाची, त्याचा गुण तिथेच दिसतो.

तेव्हा ताई, दोन एकरांत आपले अण्णिगेरी-1 किंवा जेजी-11 च पेरा. मुलाने प्रेमाने आणलेले बी बांधाकडच्या चार ओळींत टाका आणि दोन्हींच्या पहिल्या फुलाची तारीख कॅलेंडरवर लिहा. एळ्ळ अमावास्येला रानात जेवायला जाल, तेव्हा कोणते फुलले आहे ते पाहा. उरलेल्या बियाण्याला औषध चोळलेले नसेल, तरच त्याची उसळ करा. आणि ढगाळ, गार दिवसांत फुले गळाली, तर आधी घाटेअळी आहे का ते बघा. ती नसेल तर फवारणीचा खर्च करू नका. ऊन पडले की झाड पुन्हा फुलते.