तळवे जुळत नाहीत तेव्हा

मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टर कधी कधी रुग्णाला नमस्कार करायला सांगतात. बोटांसकट दोन्ही तळवे एकमेकांना पूर्ण टेकले तर ठीक. पण वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिलेल्या काही जणांचे हात असे जुळत नाहीत, बोटांच्या मध्ये फट राहते. दुखत फारसे नसते, म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही. ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. खरे तर ते साखरेने प्रथिनांना केलेल्या इजेचे वरून दिसणारे चिन्ह असते. तीच इजा डोळ्यांच्या दृष्टिपटलात आणि मूत्रपिंडात चाललेली असते, तिथे मात्र ती दिसत नाही.

रसायन ओळखीचे आहे. तव्यावरची पोळी तांबूस होते, कांदा परतताना रंग धरतो, तेव्हा साखर आणि प्रथिने एकमेकांना चिकटत असतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. शरीरात चूल नसते, पण वेळ भरपूर असतो. रक्तातले ग्लुकोज प्रथिनांना हळूहळू चिकटते, आधी सैल, मग पक्के. पुढे त्यातून असे जोड तयार होतात की शेजारशेजारचे धागे एकमेकांत बांधले जातात. लवचीक असायला हवे ते ताठर होते. रक्तवाहिन्यांचेही तेच.

हिमोग्लोबिनलाही साखर चिकटते. मधुमेहींच्या रक्तातले हे वेगळे हिमोग्लोबिन १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांच्या नजरेत भरले आणि त्यातूनच आजची एचबीएवनसी तपासणी आली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. रिपोर्टच्या आधी चार दिवस गोड बंद करून त्याला फारसे फसवता येत नाही. उपाशीपोटीची साखर मात्र तेवढ्याने छान दिसू शकते, आणि आपल्याकडे अनेक घरांत तेवढ्यावरच समाधान मानले जाते.

पण या हिशेबालाही मर्यादा आहे. तांबड्या पेशी मरतात, नव्या येतात, आकडा सुधारतो. त्वचेतल्या कोलाजेनपैकी निम्मे बदलायला साधारण १५ वर्षे लागतात. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने तर जन्मभर तीच राहतात. तिथे बसलेली साखर चांगल्या रिपोर्टने उतरत नाही. म्हणूनच ‘अजून गोळी नको, बघू सहा महिने’ हे वाक्य महाग पडते.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या टाइप टू मधुमेहींवर लक्ष ठेवण्यात आले. १९९८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा एका गटाचा एचबीएवनसी ७ होता, दुसऱ्याचा ७.९. फरक एका टक्क्याहूनही कमी, पण पहिल्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा लहान रक्तवाहिन्यांच्या अवयवांचे विकार २५ टक्क्यांनी कमी होते. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही आणखी १० वर्षांनी, २००८ मध्ये पाहिले तेव्हा सुरुवातीला साखर नीट ठेवलेल्यांचा फायदा टिकून होता, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यूही कमी होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रथिनांवर तेव्हा बसू न दिलेली साखर हे त्याचे एक कारण मानले जाते. उपचारही काही अद्भुत नव्हते. आजही स्वस्तात मिळणारे मेटफॉर्मिन त्यातलेच.

याचा अर्थ आकडा जमेल तितका खाली ओढावा असा नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या अकॉर्ड अभ्यासात जुन्या, हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांचा एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढल्याने २००८ मध्ये तो थांबवावा लागला. पस्तिशीतल्या नव्या रुग्णाचे लक्ष्य आणि सत्तरीतल्या आजोबांचे लक्ष्य एकच नसते.

मग थेट ही चिकटण्याची क्रियाच थांबवणारे औषध? प्रयत्न झाले. अमिनोग्वानिडीनने १९८० च्या दशकात उंदरांवर मोठी आशा दाखवली, पण माणसांवरच्या चाचण्यांतून ते औषध म्हणून बाहेर आले नाही. कमी तळलेले, कमी भाजलेले खाण्याचा सल्ला निरुपद्रवी आहे, पण त्यामागचा पुरावा साखर आटोक्यात ठेवण्याच्या पुराव्यापुढे कच्चा आहे. तरीही ‘साखरेची इजा धुऊन काढणाऱ्या’ कॅप्सूल विकल्या जातात. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्या तरीही छापून येतात, आणि वृत्तपत्रांनी याबाबत स्वतःचे हात झटकू नयेत.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने विशेष लक्षात घ्यावी. एचबीएवनसी तांबड्या पेशींवर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, तर सिकल सेलमध्ये पेशी लवकर मरत असल्याने फसवा कमी. राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयी आहेत आणि नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सिकल सेलचे पट्टे आहेत. तिथे एकट्या या आकड्यावर विसंबणे धोक्याचे.

आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. आरोग्य केंद्रात बोटाला टोचून थेंबभर रक्तावर साखर पाहिली जाते. निदानाची सुरुवात म्हणून ते चांगलेच. पण त्यानंतर पहिली काही वर्षे सर्वांत मोलाची असतात. या काळात वर्षातून दोनदा एचबीएवनसी, एकदा दृष्टिपटलाची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला हवी, सिकल सेल किंवा रक्तक्षय असेल तर साखरेच्या नोंदींचा वेगळा तक्ताही. डायलिसिसची यंत्रे वाढवण्याच्या घोषणा होतात, त्यांच्या शेजारी ही मागणी फार लहान आहे.