बी वाण्याकडून आले!

पृथ्वीवरचा पहिला जीव आकाशातून पडला, हे मत आपल्याकडे फार लाडके झाले आहे. चारचौघांत विषय निघाला की कोणी सुशिक्षित गृहस्थ चहाचा पेला खाली ठेवून सांगतात, "अहो, ते तर सिद्धच झाले! आपल्या नारळीकरांनीच केले." मग दुसरे कोणी पुराणातला एखादा दाखला जोडतात आणि विषय मिटतो. माझे भांडण आहे ते या मिटण्याशी.

मत तसे जुने. जीव जीवापासूनच होतो असे पाश्चरने दाखवले आणि पहिल्या जीवाची पंचाईत होऊन बसली. तेव्हा पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम टॉमसनने 1871 साली एडिंबरोच्या सभेत सुचवले की, कुठल्याशा फुटलेल्या जगाच्या तुकड्यांबरोबर बीजे इकडे आली असावीत. स्वीडनच्या अर्‍हेनियसने तर उल्केचे वाहनही काढून घेतले आणि सूक्ष्म बीजाणू नुसत्या प्रकाशाच्या रेट्यावर धाडून दिले. कल्पना सुरेख आहेत. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशा. पण उत्तर कोठे आहे? दिवाळीत मुले मातीच्या किल्ल्यावर अळीव पेरतात. एखाद्या चिमुरडीने विचारले, "बाबा, अगदी पहिले बी झाले कसे?" आणि बाबा म्हणाले, "वाण्याकडून आणले," तर ते खोटे बोलले असे नाही. पण ती ज्या नजरेने बाबांकडे पाहील, ती नजर आपण मोठ्यांनी का गमवावी?

फ्रेड हॉईल मात्र ही अडचण ओळखून होते. विश्वालाच आरंभ नाही, मग जीवाला तरी कशाला हवा? वाणी अनादि, त्याचे पोतेही अनादि! परंतु 1965 साली विश्वाच्या बाल्यातल्या उष्णतेचा अवशेष सापडल्याचे जाहीर झाले आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी आरंभ मान्य केला. हॉईलनी शेवटपर्यंत केला नाही, ही गोष्ट वेगळी. आज विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे धरतात. म्हणजे पोत्याला तळ लागला.

आता नवे हत्यार म्हणजे बेन्नू. या लघुग्रहावरची 121.6 ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेदहा तोळे, माती अमेरिकेच्या यानाने 2023 साली पृथ्वीवर आणली. तीत सजीवांच्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 आणि आनुवंशिक लिपीची पाचही अक्षरे मिळाल्याचे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले. लगेच मथळे झळकले. अहो, रवा, खोबरे आणि साखर म्हणजे करंजी नव्हे! शिवाय अमिनो आम्ले वहाणांसारखी डावी आणि उजवी असतात. आपल्या देहातली प्रथिने डाव्यांचीच बनलेली. बेन्नूच्या मातीत मात्र दोन्ही जवळपास सारखीच निघाली. जिवंत हाताने निवड केल्याची खूण तिथे नाही. मथळ्याखाली हे कितीजणांनी वाचले?

आणि नारळीकर? मे 2025 मध्ये ते गेले. हॉईलच्या या शिष्याला हे मत प्रिय होते, यात शंका नाही; पण त्यांचा मोठेपणा मतात नव्हता. आकाशातून काही पडते म्हणता ना, मग वर जाऊन पाहा, हा त्यांचा बाणा. हैदराबादेहून 2001 आणि 2005 साली मोठे फुगे सोडले गेले. दुसऱ्या खेपेला 459 किलोचे सामान, द्रवरूप निऑनने गारठवलेली 16 निर्जंतुक पोलादी नळकांडी, आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा! तीत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. 2009 मध्ये ते जाहीर करताना इस्रोने स्वच्छ सांगितले होते की, हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून निर्णायकपणे ठरत नाही. ते वाक्य आपण सोयिस्करपणे गाळले आणि 'सिद्ध' हा शब्द पदरचा घातला. हा नारळीकरांचा गौरव की अपमान?

त्या तीन जातींपैकी एकीला आर्यभटाचे नाव दिले होते. पुढे त्याच जातीचे जीवाणू मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत सापडले आणि 2014 साली त्यांचे प्रयोगही प्रसिद्ध झाले. जमिनीतले जस्त विरघळवून ते सोयाबीनला आणि गव्हाला पुरवतात.